थवा आणि पाणी : माशांच्या सामूहिक हालचालीच्या अभ्यासाची प्रस्तावना

दिवाळी उलटली की आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाचे ओढे निवळू लागतात. आहुप्याच्या डोंगरात उगम पावणारी घोड आणि तिला येऊन मिळणारे ओहोळ तेव्हा इतके नितळ असतात, की डोहाच्या तळाचा खडान्‌खडा दिसावा. अशा डोहात बोटभर लांबीचे, कुशीवर निळे-पिवळसर पट्टे असलेले मासे प्रवाहाकडे तोंड करून, एकमेकांपासून जवळजवळ सारखे अंतर राखून पोहत असतात. काठावर कुणी आले, पाण्यावर सावली पडली, की सगळा जमाव पापणी लवायच्या आत वळतो. कुणी कुणावर आदळत नाही. थोड्या वेळाने धोका टळलेला असतो आणि सगळे पुन्हा जागच्या जागी आलेले असतात.

हे मासे एकत्र वळतात कसे, हा या शास्त्राचा मूळ प्रश्न. तो शेळ्या राखणाऱ्या पोरालाही पडतो, आणि त्याच्याच उत्तरासाठी जीवशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, गणिती आणि संगणकतज्ज्ञ गेली कित्येक दशके एकमेकांच्या दारात जाऊन बसले आहेत. या अभ्यासात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. ती मुद्दाम जुन्नर-आंबेगावच्या पाण्याच्या काठाने लिहिली आहे, आणि त्याचे कारण सुरुवातीलाच सांगायला हवे.

थव्यांविषयी आज जे काही खात्रीने माहीत आहे, त्यातले बहुतेक उथळ, स्वच्छ आणि संथ पाण्याच्या टाक्यांमधून कळले आहे. वर कॅमेरा, खाली पांढरा तळ, मधे वीतभर पाणी. ही मांडणी सोयीची आहे आणि तिने आपल्याला पुष्कळ दिले आहे. पण मासा टाकीत घडला नाही. घोड, मीना, कुकडी, पुष्पावती या नद्यांतल्या माशाला एकाच वर्षात आषाढाचा तांबडा लोंढा, हिवाळ्याचा नितळ डोह आणि उन्हाळ्यात आटत जाणारी डबकी भोगावी लागतात. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी त्यात जलाशयाच्या खोल, स्थिर पाण्याची भर घातली आहे. प्रत्येक पाण्यात माशाला शेजारी वेगळ्या तऱ्हेने दिसतो, वेगळ्या तऱ्हेने जाणवतो. म्हणून थव्याचे नियम शोधायचे तर ते कोणत्या पाण्यातले नियम, हेही विचारावे लागेल. त्यासाठी या दोन तालुक्यांइतकी चांगली जागा सहजी मिळणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी दोन शब्दांची सवय करून घेऊ. मासे निव्वळ सोबतीसाठी एकत्र राहिले, प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला असले, तर त्याला आपण घोळका म्हणू. तेच मासे एका दिशेने, एका वेगाने पोहू लागले की तो थवा. एकच जमाव दिवसातून अनेकदा घोळक्याचा थवा होतो आणि थव्याचा घोळका. चरताना घोळका, जागा बदलताना किंवा घाबरल्यावर थवा, असे साधारण दिसते.

पहिला स्वाभाविक तर्क असा, की पुढे कुणीतरी म्होरक्या असणार. लेझमीच्या ताफ्यात पन्नास पोरे एका वेळी वाकतात आणि उठतात, कारण हलगीचा ठोका सगळ्यांच्या कानावर पडतो. थव्याला हलगी नाही. आता पुढे असलेला मासा थवा वळला की कडेला जातो, कधी मागे पडतो, आणि त्याने कुणाचे काही अडत नाही. पक्ष्यांच्या थव्यांवर आयुष्य घालवलेल्या एडमंड सेलूस या इंग्रज निरीक्षकाला हे कोडे इतके अवघड वाटले, की १९३१ साली त्यांनी विचार-संक्रमणाची कल्पना मांडणारे पुस्तकच लिहिले : पक्षी एकमेकांचे मन वाचत असावेत. आज ही कल्पना कुणी धरत नाही. पण ती मांडणारा माणूस अत्यंत बारकाईने पाहणारा होता, आणि पाहिलेल्या गोष्टीने तो किती चकित झाला होता, हे त्यातून कळते.

उत्तराची पहिली पक्की दिशा जपानमधून आली. इचिरो आओकी यांनी १९८२ साली संगणकावर काही मासे सोडले आणि प्रत्येकाला एवढेच शिकवले : फार जवळ आलेल्यापासून दूर हो, मध्यम अंतरावरच्याच्या दिशेने तोंड कर, फार लांब गेलेल्याकडे सरक. म्होरक्या नाही, आराखडा नाही, संपूर्ण थव्याची कल्पना एकाही माशाला नाही. तरी पडद्यावर थवा तयार झाला. पाच वर्षांनी अमेरिकेत क्रेग रेनॉल्ड्स यांनी चित्रपटांच्या ॲनिमेशनसाठी जवळपास हेच नियम पक्ष्यांना दिले. २००२ साली इयान कझिन आणि सहकाऱ्यांनी याच तीन पट्ट्यांचे आकार बदलून पाहिले, तेव्हा एकाच नियमावलीतून जमावाची वेगवेगळी रूपे निघाली. दिशा जुळवण्याचा पट्टा अगदी अरुंद असला तर विस्कळीत घोळका, थोडा रुंद केला तर गोल फिरणारे कडे, आणखी रुंद केला तर एका दिशेने जाणारा थवा. तीनही रूपे खऱ्या माशांत दिसतात.

इथे एक सावधगिरी. संगणकात थवा दिसला म्हणजे खरा मासा तेच नियम पाळतो असे होत नाही. दहा वेगवेगळ्या नियमांतून सारखाच थवा निघू शकतो. हा धडा २०११ साली दोन स्वतंत्र अभ्यासांनी दिला. एकात उत्तर अमेरिकेतले गोल्डन शायनर हे मासे होते, दुसऱ्यात गांबुझिया, म्हणजे डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडेही तळी-विहिरींत सोडतात तोच. दोन्ही गटांनी चित्रफितीतून क्षणाक्षणाची जागा आणि वेग मोजून नियम उलट दिशेने शोधले. निघाले असे, की मासे मुख्यतः वेग कमी-जास्त करून अंतर सांभाळतात. पुढचा लांब गेला तर वेग वाढवायचा, जवळ आला तर कमी करायचा. ‘शेजाऱ्याच्या दिशेला तोंड कर’ असा वेगळा नियम असल्याचा पुरावा मिळाला नाही. दिशा आपोआप जुळते. आओकींच्या तीन नियमांतला जो नियम सगळ्यांना सर्वांत उघड वाटत होता, तोच अनावश्यक ठरला. या क्षेत्रात येणाऱ्याने हा प्रसंग नीट लक्षात ठेवावा.

भारतातला जो प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वेश गुत्तल यांच्या प्रयोगशाळेत झाला आणि २०२० साली प्रसिद्ध झाला. मासा होता गोव्याच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर. जितेश झावर आणि सहकाऱ्यांनी काळुंदरांचे लहान-मोठे गट उथळ टाकीत सोडून त्यांच्या दिशा मोजल्या. सर्वसाधारण समजूत अशी, की मासा आसपासच्या अनेकांच्या दिशांची सरासरी काढतो आणि योगायोगाचा गोंधळ ही या कामातली अडचण असते. मोजणीतून उलटे चित्र पुढे आले. मासा अधूनमधून आपल्या मनाने दिशा बदलतो, अधूनमधून कुठल्यातरी एकाच सोबत्याची दिशा उचलतो. बस, एवढेच. मग सगळे एका दिशेला लागतात कसे? समजा गट लहान आहे आणि सगळ्यांची तोंडे चहूकडे आहेत. अशा वेळी कोण कुणाची दिशा उचलेल हे योगायोगावर असते आणि योगायोगाचा धक्का जोरात बसतो : दोघांनी एकाचीच नक्कल केली तरी पारडे झुकते. एकदा बहुतेक जण एका दिशेला लागले, की कुणीही कुणाची नक्कल केली तरी दिशा तीच राहते, धक्के मंदावतात, आणि गट त्या सुव्यवस्थेत रेंगाळतो. म्हणजे सुव्यवस्था योगायोगाच्याच जोरावर उभी राहते. मोठ्या गटात योगायोग एकमेकांना खोडून काढतात, म्हणून तिथे शिस्त कमी दिसते. लहान गट अधिक शिस्तीत, मोठा गट कमी शिस्तीत, असा हा निष्कर्ष आहे. पहिल्यांदा ऐकताना तो पटत नाही. सांख्यिकी थोडी शिकून तो पुन्हा वाचावा. या शास्त्रात गणित हे दागिन्यासारखे मिरवायला आलेले नाही, त्याच्याशिवाय हा विचार करताच आला नसता, हे तेव्हा कळते.

याच्या शेजारी प्रिन्स्टनमधला २०१३ चा प्रयोग ठेवावा. गोल्डन शायनरना सावली आवडते. टाकीवर उजेड-अंधाराचे सरकते चित्र पाडले तर थवा सावलीचा माग काढतो. एकेका माशाला मात्र सावली कुठल्या बाजूला आहे हे ओळखता येत नाही. तो एवढेच करतो, की अंधारात हळू पोहतो आणि उजेडात वेगाने. पण सोबत राहण्याची ओढ असते. थव्याची एक कड सावलीत शिरून मंदावली आणि दुसरी उजेडात वेगातच राहिली, की सगळा थवा सावलीकडे वळतो. थवा जितका मोठा, तितका त्याला हा माग चांगला लागतो. काळुंदर सांगतो लहान गट बरा, शायनर सांगतो मोठा गट बरा, असा विरोध वाटला तर प्रश्न तपासावा. एकात शिस्त मोजली आहे, दुसऱ्यात हवी ती जागा गाठण्याचे यश.

आता माशाच्या अंगाकडे वळू. मंचरच्या बाजारातून सहज मिळणारा एक रोहू घ्या आणि खवले काढण्यापूर्वी त्याची कूस उजेडात पाहा. कल्ल्याच्या मागून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते. रेघेवरचा एक खवला नखाने उचकटून उन्हात धरला, तर त्यातून जाणारी केसासारखी नळी दिसेल. असे चाळीस ते चव्वेचाळीस खवले ओळीने असतात. आतली नळी अखंड आहे आणि ती ठिकठिकाणी बाहेरच्या पाण्याला उघडते. हिला पार्श्वरेषा म्हणतात. नळीत आणि कातडीच्या पृष्ठभागावर न्यूरोमास्ट नावाची सूक्ष्म इंद्रिये असतात. प्रत्येकात रोमासारखे तंतू असलेल्या पेशी जेलीच्या टोपीत बुडालेल्या. शेजारचा मासा शेपटी हलवतो, पाणी ढकलले जाते, टोपी किंचित वाकते, आणि मेंदूला बातमी पोचते. माणसाच्या आंतरकर्णात ऐकण्याचे आणि तोल सांभाळण्याचे काम करणाऱ्या पेशी याच जातीच्या.

डोळे महत्त्वाचे की पार्श्वरेषा? १९७६ साली ब्रिटनमध्ये टोनी पिचर, ब्रायन पार्ट्रिज आणि क्लेमेंट वॉर्डल यांनी सेथ या समुद्री माशाचे डोळे तात्पुरते झाकून त्याला डोळस थव्यात सोडले. तो थव्यात राहिला. पुढच्या अभ्यासात पार्श्वरेषेच्या नसा कापलेले मासेही थव्यात राहिले, पण त्यांचे शेजाऱ्यापासूनचे अंतर नेहमीपेक्षा कमी झाले. झाकल्या डोळ्यांचे मासे जरा जास्त अंतर ठेवत. यावरून असा अंदाज बांधला गेला, की डोळा जवळ खेचतो आणि पार्श्वरेषा लांब ठेवते. प्रयोग निर्दय आहे हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि आज तो करायचा तर अधिक कडक परवानगी लागेल. पण त्यातून मिळालेले ज्ञान आजही वापरात आहे.

वाहत्या पाण्याच्या संदर्भात त्यातला आणखी एक पदर महत्त्वाचा. कातडीवरचे न्यूरोमास्ट पाण्याचा वेग टिपतात. नदीच्या प्रवाहात ते सतत दाबाखाली असल्याने शेजाऱ्याची हालचाल त्यांना वेगळी काढता येत नाही. नळीतले न्यूरोमास्ट मात्र दाबातला फरक टिपतात, आणि एकसारखा प्रवाह त्यांना फारसा भ्रमात टाकत नाही. गोल्डफिश आणि ट्राउट यांच्यावरच्या प्रयोगांतून हे सन २००० मध्ये स्पष्ट झाले. म्हणजे घोडेच्या धारेत पोहणारा मासा आणि डिंभ्याच्या स्थिर पाण्यात पोहणारा मासा शेजाऱ्याची बातमी अंगाच्या वेगवेगळ्या इंद्रियांनी वाचत असण्याची शक्यता आहे.

बातमीचा तिसरा मार्ग रसायनाचा. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३० च्या दशकात पाहिले, की एका मिनो माशाच्या कातडीला जखम झाली तर जवळचे सगळे मिनो घाबरून एकवटतात आणि पळतात. जखमी कातडीतून पाण्यात उतरणारे द्रव्य ही धोक्याची सूचना असते. रोहू, कटला, खवली अशा ज्या मोठ्या कुळात आपल्या नद्यांतले बहुतेक मासे मोडतात, त्याच गटात ही सोय आहे. पण हा मार्ग संथ असतो. क्षणात वळण्यासाठी मेंदूच्या मागच्या भागातल्या माउथनर नावाच्या दोन मोठ्या पेशी कामी येतात. धक्का जाणवल्यापासून सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात त्या अंग इंग्रजी ‘सी’सारखे वाकवतात. एक दचकला की शेजारी दचकतो, आणि हे दचकणे थव्यातून मासा स्वतः पोहतो त्याहून कितीतरी वेगाने पसरते. रशियन संशोधक राडाकोव यांनी ही लाट चित्रफितीवर मोजून दाखवली होती.

इतकी सोय कशासाठी, या प्रश्नाची उत्तरे वाचकाला अपेक्षित असतील तीच आहेत, म्हणून थोडक्यात. जलाशयावर पाणकावळे बुड्या मारतात, ओढ्यावर खंड्या टपलेला असतो, पाण्याखाली मरळ आणि शिवडा. गर्दीत एकाच माशावर नजर ठेवणे शिकाऱ्याला जड जाते. अनेक डोळे धोका लवकर पाहतात. आणि विल्यम हॅमिल्टन यांनी १९७१ साली मांडले तसे, प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या आणि शिकाऱ्याच्या मधे आणू पाहतो, त्यातूनही जमाव दाट होतो. किंमतही मोजावी लागते : खाण्यात वाटेकरी आणि रोगाचा फैलाव.

आणखी एका फायद्यावर, श्रम वाचण्यावर, मात्र थांबायला हवे, कारण त्याची गोष्ट आपल्या ओढ्यांपर्यंत येते. डॅनिअल वाइस यांनी १९७३ साली गणिताने दाखवले, की शंकरपाळ्याच्या आकारात पोहणाऱ्या माशांना पुढच्यांच्या शेपटीमागच्या भोवऱ्यांचा फायदा मिळावा. खरे मासे त्या आकारात क्वचितच टिकतात, आणि पन्नास वर्षे हा वाद चालू राहिला. मग हार्वर्डमध्ये यांगफान झांग आणि जॉर्ज लॉडर यांनी थेट श्वास मोजला. बंद पाण्याच्या बोगद्यात मासे पोहायला लावून पाण्यातला किती ऑक्सिजन खर्च झाला हे पाहायचे, आणि दमल्यानंतर भरून काढायचा खर्चही धरायचा. मासा होता जायंट डॅनिओ, दक्षिण आशियातल्या वाहत्या ओढ्यांचा रहिवासी. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत निळे-पिवळे पट्टे मिरवणारे मासे त्याच कुळीचे. २०२४ च्या त्यांच्या अभ्यासात पाण्यात मुद्दाम खळबळ निर्माण केली होती. अशा खळाळत्या पाण्यात वेगाने पोहताना थव्यातल्या माशाचा एकूण ऊर्जाखर्च एकट्या माशाच्या तुलनेत ७९ टक्क्यांपर्यंत कमी निघाला. एकट्या माशाला खळबळीत तोल सांभाळण्यातच शक्ती घालवावी लागते. थव्याच्या आत ती खळबळ निवते.

याचा अर्थ आपल्यासाठी मोठा आहे. खळाळ हा पाण्याचा गुण आहे. पाणी संथ असते तर थव्याचा हा फायदा इतका मोठा दिसला नसता. आता डोळ्यांपुढे आषाढ आणा. भीमाशंकरच्या पठारावरून लोंढे उतरतात, पाणी तांबडे होते, हातभर खोलीवरचे काही दिसत नाही. आणि नेमक्या याच दिवसांत चढणीचे मासे निघतात. पहिल्या पुराची चाहूल लागताच मोठ्या नदीतले मासे ओढ्यांकडे, ओढ्यांतून ओहोळांकडे, कधी भाताच्या खाचरांपर्यंत अंडी घालायला चढतात. ज्या वेळी एकत्र पोहण्याची गरज सर्वांत जास्त, त्याच वेळी डोळ्याचा आधार सर्वांत कमी. त्रिनिदादच्या गप्पी माशांवर झालेल्या प्रयोगांत गढूळ पाण्यात घोळके लहान होतात आणि एकेकटे फिरणे वाढते असे दिसले आहे. पण गप्पीला चढण चढायची नसते. चढणीचे मासे एकमेकांना कसे धरून राहतात? पार्श्वरेषेने, वासाने, की ते खरे तर एकमेकांना धरून नसतातच आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे एकाच प्रवाहाला तोंड देत असल्याने आपल्याला थवा भासतो? तिन्ही शक्यतांना तपासणीचा मार्ग आहे, आणि तो इथल्या बांधावरून सुरू होतो.

धरणांनी या प्रश्नाला दुसरी बाजू दिली. डिंभ्याची भिंत घोडेचे साडेतेरा टीएमसी पाणी अडवते, त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. भिंतीखालचा मासा वर चढू शकत नाही. वर राहिलेल्याला खालचा प्रवाह नाही. त्यात दरवर्षी कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली जाते, आणि हे तिन्ही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. प्लास्टिकच्या पिशवीतले बीज सोडण्याआधी पिशवी तशीच काही वेळ पाण्यावर तरंगू देतात, म्हणजे आतले आणि बाहेरचे तापमान जुळते. मग तोंड मोकळे केले की बोटुकली गठ्ठ्याने बाहेर येते आणि बराच वेळ काठच्या उथळ पाण्यात दाटीवाटीने राहते. नव्या जागी सोबत सोडायची नाही, ही तिची पहिली चाल. शेजारी स्थानिक खवली आणि आळकुटांचे घोळके असतात. परक्या बोटुकलीचे आणि इथल्या माशांचे मिश्र घोळके बनतात का, त्यात कोण कुणाची दिशा उचलतो, हा विषय मत्स्यव्यवसायालाही उपयोगी आहे. सोडलेल्या बोटुकलीतली किती जगते, हे ती पहिल्या आठवड्यात कुणाच्या सोबतीला राहते यावर थोडेफार अवलंबून असावे, असा माझा कयास आहे.

या पाण्याला रोज भिडणारी माणसे आहेत. धरणात ज्यांची घरे-शेते गेली त्या कुटुंबांनी, त्यांत मुख्यतः महादेव कोळी, पुढे याच जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळवला. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने उभ्या राहिलेल्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. संध्याकाळी जाळे लावून पहाटे काढणाऱ्याला ठाऊक असते, की कोणता मासा गठ्ठ्याने लागतो आणि कोणता एकेकटा, अंधाऱ्या रात्री काय फरक पडतो, पाण्यावरची कोणती थरथर वाऱ्याची आणि कोणती खालच्या माशांची. प्रयोगशाळेतही बहुतेक जातींचे थवे अंधार पडल्यावर विस्कटतात असे दिसते. हीच गोष्ट कोणत्या जातीत, कोणत्या महिन्यात, किती प्रमाणात, हे जाळ्याच्या नोंदीतून कळू शकते. ती नोंद ठेवणाऱ्याचे नाव अभ्यासाच्या लेखकांत असायला हवे, आभारांच्या ओळीत नव्हे.

असे पूर्वी अर्धवट घडले आहे. कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा इथल्या बोलीतली नावे जशीच्या तशी लॅटिनच्या जोडीला बसवली : खुद्री, मुल्या, आळकुटी, फुलुंगी, बोगट. शिरूरच्या घोडनदीतल्या एका मोठ्या माशाला त्यांनी मुसुल्ला म्हटले. ती नावे त्यांना सांगणारे भोई-कोळी मात्र कुठेच नोंदले गेले नाहीत. पुढे पुण्याच्या नद्यांतल्या माशांची मोजदाद अनेकांनी केली आणि त्यामुळे कोणती जात होती, कोणती नाहीशी झाली, हे आज सांगता येते. मासे कोणते, हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. ते एकमेकांसोबत कसे वागतात, हे पान जवळजवळ कोरे आहे.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आली, त्यामागे या परिसरात रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता हे एक मोठे कारण होते. जागेचा गुण ओळखून तिथे शास्त्र उभे राहते, याचे याहून जवळचे उदाहरण नको. इथल्या पाण्याचा गुण असा, की एकच जात तीन-चार प्रकारच्या पाण्यांत, अर्ध्या दिवसाच्या अंतरावर पाहता येते.

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथे प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी सुरुवातीला फार मोठे बेत करू नयेत. लहान पुलावरून किंवा बांबूला बांधून खाली तोंड केलेला मोबाइल, आणि एक डोह. चित्रफितीतल्या प्रत्येक माशाचा माग काढणारी मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. गणित येणाऱ्याला एक सोबती पाण्यातला हवा आणि पाण्यातल्याला गणितातला, म्हणून दोघांनी मिळून काम करावे. अभयारण्याच्या हद्दीत मासा पकडायचा असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी. निदान पहिल्या वर्षी पकडण्याची गरजच नाही.

चित्रफितीसोबत दर वेळी चार गोष्टी लिहाव्यात. जमावात मासे किती. शेजाऱ्याचे अंतर माशाच्या लांबीच्या किती पट. पाणी किती वेगाने वाहते : मोजलेल्या पाच मीटर अंतरातून पान वाहून जायला लागणारी सेकंदे. आणि पाणी किती गढूळ : दोरीला बांधलेली काळी-पांढरी रंगवलेली वीसेक सेंटिमीटरची थाळी किती खोलीवर दिसेनाशी होते. चढण सुरू होण्याआधीच्या जेठात, भर आषाढात, पाणी निवळू लागल्यावर भाद्रपदात आणि नितळ झाल्यावर कार्तिकात, अशा चार फेऱ्या त्याच डोहावर कराव्यात. एक डोह डिंभ्याच्या वर असावा आणि एक खाली. काळुंदराच्या टाकीतून आलेला लहान आणि मोठ्या गटांचा नियम वाहत्या, गढूळ पाण्यात टिकतो का, हे तपासायला एवढी सामग्री पुरेशी आहे.